तेच कोकण, वेगळा घाट
लेखमाला: गुरुत्वाकर्षणाची वाट, भाग ७

कुरवंडे गाव मागं पडलं की नागफणीचा कडा समोर येतो आणि तिथूनच जुना कुरवंडे घाट खाली उंबरखिंडीकडं उतरतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखान आपली फौज घेऊन याच वाटेनं कोकणात निघाला होता. खिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडलं. इथून बोरघाट काही लांब नाही. दोन्ही वाटा कोकणातच उतरतात. पण कुरवंड्याच्या वाटेनं पायी माणूस आणि लादलेलं जनावर जायचं. १८६३ साली आगगाडी धावू लागली ती बोरघाटातून. जायचं कुठं हे एकच असलं, तरी घाट कोणता निवडला यावर बरोबर काय नेता येईल ते ठरतं.

गेल्या आठवड्यात आपण एका अडलेल्या गणितापाशी थांबलो होतो. आइन्स्टाइनचं १९१५ चं गुरुत्वाकर्षण आणि अणूंच्या जगाचा पुंजसिद्धांत, दोन्ही आपापल्या जागी पारखून घेतलेले. पण एकत्र मांडायला गेलं की समीकरणं हाताबाहेर जातात. भलेभले या वाटेवर थकले. १९८६ साली ज्यांनी घाटच बदलला, ते अभय अष्टेकर.

अष्टेकरांचा जन्म ५ जुलै १९४९ चा, खानदेशातल्या शिरपूरचा. बालपण महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या गावांत गेलं, पदवीचं शिक्षण मुंबईत झालं. गुरुत्वाकर्षणच शिकायचं म्हणून ते अमेरिकेत गेले, आधी टेक्सासमध्ये ऑस्टिनला आणि मग शिकागोला. तिथं रॉबर्ट गेरॉक यांच्या हाताखाली १९७४ साली पीएच.डी. पुढं ऑक्सफर्डला रॉजर पेनरोज यांच्या गटात, फ्रान्समध्ये, मग न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात.

सिरॅक्यूजला असतानाच ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्यांचा छोटासा शोधनिबंध आला. त्यात नवा सिद्धांत नव्हता. आइन्स्टाइनची समीकरणं होती तीच, फक्त ती नव्या चलांत लिहिली होती. ‘फक्त’ हा शब्द इथं फसवा आहे, म्हणून जरा थांबून बघू.

आइन्स्टाइनच्या मांडणीत मुख्य राशी अंतराची. शेजारशेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर किती, हे जागोजागी सांगणारा जणू एक तक्ता. त्यावरून अवकाश कुठं किती वाकलंय ते काढायचं. अष्टेकरांनी अंतराचा हिशोब मागं ठेवला आणि दिशेचा पुढं आणला. म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात करून बघता येतं. एक लाल भोपळा घ्या, देठापासून खाली उतरणाऱ्या खाचा ठळक असलेला. देठापाशी एका खाचेत काडेपेटीतली काडी ठेवा, गूल खाली, खाचेच्या दिशेनं. काडी मुळीच न वळवता भोपळ्याच्या कमरेपर्यंत सरकवत आणा. गूल खालीच. आता कमरेवरून पाव फेरा बाजूला सरका. गूल अजूनही खालीच. मग तिथल्या खाचेतून काडी तशीच वर देठापाशी न्या आणि बघा. निघताना काडी पहिल्या खाचेकडं बघत होती, आता दुसऱ्या खाचेकडं बघतेय. काटकोनात फिरली! आपण तर तिला कुठंच वळवली नव्हती. वळण भोपळ्याच्या पृष्ठभागातच होतं, वेढा पुरा झाल्यावर ते उघडं पडलं.

खरं गणित याहून पुष्कळ अवघड आहे, पण गाभा हा. अंतर न मोजता, दिशा इकडून तिकडं नेताना काय होतं एवढं लिहून ठेवलं तरी वाकलेपणाची सगळी गोष्ट हाती लागते. त्यात मोठी सोय अशी की विद्युत्चुंबकीय बलाचं आणि अणुगर्भातल्या बलांचं गणित आधीपासून याच भाषेत होतं. गुरुत्वाकर्षण एकटंच वेगळ्या बोलीत बोलत होतं. आता इतर बलांसाठी घडवलेली हत्यारं त्यालाही चालू लागली. या कामाचा पाया अमिताभ सेन या भारतीय भौतिकशास्त्रज्ञाच्या १९८२ च्या निबंधात होता. सेन यांचं नाव फार कमी ठिकाणी घेतलं जातं, म्हणून ते इथं मुद्दाम लिहितो.

नव्या घाटानं लगेच माणसं उतरू लागली. ली स्मोलिन आणि कार्लो रोव्हेली यांनी भोपळ्यावरच्या काडीसारखे वेढे हेच गणिताचे मूळ घटक धरले, म्हणून या शाखेचं नाव पडलं लूप क्वांटम ग्रॅव्हिटी. १९९२ साली अष्टेकर, रोव्हेली आणि स्मोलिन यांचा एक निबंध आला, त्याच्या शीर्षकात चक्क विणकाम आहे: पुंजधाग्यांनी विणलेलं अवकाश.

माझ्याकडं एक जुनी घोंगडी आहे. पावसाळ्यात तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी वरून निथळून जातं. नवी होती तेव्हा चिंचोक्याच्या खळीनं ताठ, लांबून नुसता काळा पत्रा वाटायची. आता खळ गेली आहे. खिडकीच्या उजेडासमोर धरली की उभे-आडवे धागे वेगवेगळे दिसतात, आणि धाग्यांच्या मध्ये काहीच नाही. हे गणित अवकाशाबद्दल असंच सांगतं. अवकाश सलग नाही, ते धाग्यांचं आहे. क्षेत्रफळ हवं तितकं लहान करत नेता येत नाही, एका जागी तुकडा संपतो. तो तुकडा चौरस मीटरमध्ये लिहायचा तर दशांश चिन्हापुढं सत्तरेक शून्यं मांडावी लागतात. आपल्याला जग सलग दिसतं, ते इतक्या बारीक विणीमुळं.

२००६ साली अष्टेकर, टोमाश पाव्लोव्स्की आणि पुण्याच्या आयुकात पीएच.डी. केलेले परमप्रीत सिंग यांनी हे गणित विश्वाच्या आरंभाला लावलं. आइन्स्टाइनची समीकरणं तिथं अनंत घनता सांगून गप्प होतात. नव्या गणितात विश्वाचं चित्र उलटं फिरवत नेलं, तर घनता पाण्याच्या एकावर ९३ शून्यं इतक्या पटीला पोचते, मग गुरुत्वाकर्षण ओढायचं सोडून ढकलू लागतं आणि पलीकडं आकुंचन पावणारं आधीचं विश्व दिसतं. महास्फोटाच्या जागी महाउसळी. याला अजून प्रयोगाचा पुरावा मिळालेला नाही आणि याच प्रश्नाकडं वेगळ्या वाटेनं जाणारे शास्त्रज्ञही पुष्कळ आहेत. तरीही ‘त्याच्या आधी काय?’ हा शाळेतल्या मुलाचा प्रश्न गणितात विचारता येतो, हे मला फार मोठं वाटतं.

१९९३ साली अष्टेकर पेन स्टेट विद्यापीठात गेले आणि तिथं त्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं. गॅब्रिएला गोन्झालेझ काही वर्षं त्याच विद्यापीठात शिकवत होत्या. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जगाला सांगणाऱ्यांत लायगो या लहरी टिपणाऱ्या प्रयोगाच्या प्रवक्त्या म्हणून त्या होत्या. अष्टेकरांना २०१८ चं अमेरिकन फिजिकल सोसायटीचं आइन्स्टाइन पारितोषिक मिळालं.

पुढच्या आठवड्यात कृष्णविवर. त्याच्या पृष्ठभागावरचे हेच बारीक तुकडे मोजून १९९८ साली अष्टेकर आणि त्यांचे तीन सहकारी हॉकिंगच्या सूत्रापर्यंत कसे पोचले, ते बघू. तोवर भोपळा चिरू नका. कमरेवरून पाव फेऱ्याऐवजी अर्धा फेरा मारून काडी वर नेली, तर गूल कुणीकडं होईल?