हातचा आहेर
(द्वितीय वर्ष, कला)

लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ छापलेली असते. तरीही मांडवात येणाऱ्या बहुतेकांच्या खिशात, एक रुपयाचे नाणे चिकटवलेले पाकीट असतेच. रिकाम्या हाताने कोणाच्या दारी जाऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बाळंतिणीला बघायला जाताना, चैत्रातल्या हळदीकुंकवाला, गणपतीला, वास्तुशांतीला हातात काहीतरी असावे लागते. कित्येक घरांत आहेराची वही असते. कोणी काय दिले ते तीत लिहिलेले असते. त्यांच्या घरी कार्य निघाले की ती वही उघडून तेवढे, किंवा त्याहून थोडे अधिक, परत केले जाते.

समाजशास्त्राच्या अभ्यासात मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताचे नाव आले, तेव्हा मला ही वही आठवली. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भेटीविषयीच्या निबंधात असे म्हटले आहे की, भेट ही दिसायला राजीखुशीची असली तरी तिच्यामागे तीन बंधने असतात : देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे. आमच्या वाडीत हे समजायला निबंध लागत नाही. न्यायला काही नाही म्हणून बायका हळदीकुंकवाला जायचे टाळतात. एकदा टाळले, दोनदा टाळले, की पुढे बोलावणेही येईनासे होते. कॉलेजातही तेच. वाढदिवस आला, निरोप समारंभ आला, की वर्गणी निघते. ज्याला ती जमत नाही तो त्या दिवशी गैरहजर राहतो. अशा गैरहजरांत मीही बसलेलो आहे. म्हणूनच घरच्या घरी, थोड्या पैशांत आणि स्वतःच्या हाताने करता येतील अशा भेटवस्तूंविषयी लिहावेसे वाटले.

मुलगा असून सरबताच्या आणि गोधडीच्या गोष्टी काय लिहितोस, असे म्हणून काही मित्र हसतील. हसून झाले की त्यांनी पुढचे वाचावे.

आम्हा दक्षिण कोकणातल्या लोकांची पहिली भेट म्हणजे कोकमाची. कोकमाच्या फळाला आम्ही रातांबा म्हणतो. एप्रिल-मेमध्ये रातांबे लालजांभळे होऊन पिकतात आणि मृगाचा पाऊस येण्याआधी सगळे काम उरकावे लागते. ज्याच्या परसात झाड आहे त्याला फळे फुकट. नसेल त्याला हंगामात बाजारात मिळतात. सरबतासाठी ताजी, न किडलेली फळे धुऊन फडक्याने अगदी कोरडी पुसावीत. त्यांचे दोन भाग करून आतला गर व बिया काढाव्यात. सालीच्या वाट्या एक किलो असतील तर साखर दोन किलो घ्यावी. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत वाट्यांचा एक थर, साखरेचा एक थर असे भरत जावे आणि सर्वांत वर साखर यावी. तोंडाला पातळ फडक्याचा दादरा बांधून बरणी सात-आठ दिवस उन्हात ठेवावी. रोज संध्याकाळी आत घ्यावी आणि कोरड्या लाकडी चमच्याने वरखाली करावी. साखर पूर्ण विरघळली की रस गाळून घ्यावा. त्यात चवीपुरते मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. पिताना एका भागाला पाच-सहा भाग थंड पाणी. यालाच अमृत कोकम म्हणतात.

यात विस्तव नाही, पाण्याचा थेंब नाही, तरीही रस वर्षभर टिकतो. हे कसे होते? साखर सालीतले पाणी ओढून बाहेर काढते. त्याच पाण्यात ती विरघळते आणि सालीतला रंग व आंबटपणाही तिच्याबरोबर उतरतो. रसात साखरेचे प्रमाण पासष्ट टक्क्यांच्या आसपास गेले की बुरशीला आणि जंतूंना वाढण्यापुरते पाणीच उरत नाही. शिवाय कोकमाची आंबटाई मदतीला असते. ‘ओल्या हातान बरणी धरू नको’ असे आजी ओरडते त्याचे कारण हेच. पाणी शिरले की त्या जागी साखर पातळ होते, रस फसफसू लागतो. ज्या बाटलीत बुडबुडे दिसतात किंवा आंबूस वास येतो, ती कोणाला देऊ नये. तसेच हा रस ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. त्यातले आम्ल धातूला खाते. बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेली असावी, आणि ती अंधाऱ्या जागी ठेवावी, कारण उजेडाने व उष्णतेने रंग फिका पडतो. देताना गळ्याला एक चिठ्ठी बांधावी. तिच्यावर कोणत्या महिन्यात केले आणि किती पाणी घालायचे एवढे लिहिले की पुरे.

या फळातले काही वाया जात नाही. गाळून उरलेल्या गोड साली वाळवून मुलांना खाऊ म्हणून देता येतात. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर तरंगते. ते थंड झाल्यावर मेणासारखे घट्ट होते आणि त्याचे मुठीएवढे गोळे वळतात. शेतात राबून टाचांना भेगा पडलेल्या माणसाला असा एक गोळा द्यावा. ती भेट तो रोज रात्री आठवणीने वापरील.

मात्र घेणाऱ्याची प्रकृती पाहावी. मधुमेह असलेल्या घरी अमृत कोकम नेणे म्हणजे त्यांना संकोचात टाकणे. तिथे आगळ, म्हणजे मीठ घालून ठेवलेला रातांब्याचा रस, न्यावा. त्याची सोलकढी होते. रक्तदाबामुळे मीठही वर्ज्य असेल तर पुढे सांगितलेल्या वस्तूंकडे वळावे. कैरीचे पन्हे हे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पेय. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा आणि किंचित मीठ एवढ्यावर ते होते. पण ते दिवस-दोन दिवसांचे सोबती. पाहुणा घरी आला की त्याच्या हातात द्यायचे, बाटलीत भरून गावोगाव न्यायचे नाही.

दुसरी भेट बाळासाठी. बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची आणि दुपटे असते. दुपटे करायला नवे कापड मुळीच नको. अनेकदा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो आणि तो ओल चटकन शोषतो. बाळाच्या अंगाला नव्या कापडापेक्षा तेच मानवते. जुने लुगडे उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. विरलेला भाग कापून टाकावा. उरलेल्याचे सारख्या मापाचे तीन-चार पदर एकावर एक पसरावेत, कडा आत दुमडाव्यात आणि कडेपासून सुरुवात करून आत आत चौकोनात धावदोरा घालत जावे. टाके जवळ असले की पदर सरकत नाहीत आणि दुपटे धुण्याला टिकते. मोठी गोधडी याच रीतीने होते. तिला पदर जास्त आणि महिने जास्त.

तिसरी भेट सर्वांत स्वस्त : गणपतीसाठी कापसाचे वस्त्र. सरकी काढून पिंजलेला कापूस बोटांनी हलके ओढून त्याची पट्टी करायची, ओल्या बोटांनी थोड्या थोड्या अंतरावर वळून मणी पाडायचे आणि मण्यांमधल्या जागी कुंकू लावायचे. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात एकवीस मण्यांचे वस्त्र आणि फुलवातींची पुडी कोणाच्याही घरी आनंदाने घेतात.

हे सगळे स्वस्त आहे म्हणून त्याला किंमत नाही असे मात्र समजू नये. दोन किलो साखरेला पैसे पडतातच. आठ दिवस बरणीवर लक्ष ठेवणे, दुपट्याचे हजारो टाके घालणे, हा वेळ कोणाचा तरी जातो. आणि आजवर तो घरातल्या बायकांचाच गेला आहे. आईने सरबत करावे, आजीने गोधडी शिवावी आणि चिठ्ठीवर नाव आमचे यावे, याला मी भेट म्हणणार नाही. आहेराच्या वहीतसुद्धा नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचे असते. टाके घालणारीचे कोठे लिहिलेले मी पाहिले नाही. ज्याला द्यायचे त्याने फळे फोडावीत, त्यानेच सुई ओवावी. मागच्या मे महिन्यात मी आजीच्या हाताखाली रातांबे फोडले. बोटे चार दिवस लाल होती आणि कंबर त्याहून जास्त दिवस दुखत होती. ती दरवर्षी हे करते, हे तोपर्यंत मला माहीत होते. किती करते हे तेव्हा कळले.

दुकानातल्या वस्तूवर किंमत लिहिलेली असते, आणि तिथेच कमी पैशांचा माणूस चारचौघांत मागे पडतो. स्वतः केलेल्या वस्तूवर तसा आकडा नसतो. ती घेऊन श्रीमंताच्या घरीही ताठ मानेने जाता येते आणि परतफेडीला त्यालाही हात हलवावे लागतात. माझी आपल्या विद्यार्थी मंडळाला एक सूचना आहे. येत्या निरोप समारंभाला वर्गणीऐवजी प्रत्येकाने स्वतः केलेली एक वस्तू आणावी : कोणी सरबत, कोणी वातींची पुडी, कोणी कागदाचा आकाशकंदील. वस्तू कशीही झाली तरी चालेल, फक्त ती दुसऱ्याकडून करवून आणलेली नसावी. त्या दिवशी पैशांपायी वर्गात कोणी गैरहजर राहणार नाही.