कळ थांबली म्हणजे विंचू उतरला?

रायगडावरची थंड, बोचरी हवा जिजाबाईंना मानवेना म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडमध्ये वाडा बांधला, असे सांगितले जाते. हवामान पाहून मुक्कामाची जागा ठरवण्याची ही रीत आजही शहाणपणाचीच आहे. गडाच्या जतनकामावरचे कारागीर आणि अभ्यासक, बदलून आलेले शिक्षक व आरोग्यसेवक, महाडच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार अशी अनेक माणसे या उष्ण, दमट मुलखात वर्षानुवर्षांसाठी येतात आणि बिऱ्हाड लावताना त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भरपूर सल्ले मिळतात. त्यांतले बरेचसे उपयोगी असतात. एक मात्र जिवावर बेतणारा आहे. विंचू चावला तर घाबरायचे कारण नाही, कळ दिवसभरात उतरते आणि नाहीच उतरली तर गावात मंत्र जाणणारा कोणी ना कोणी असतोच, असा तो सल्ला असून कळ थांबली म्हणजे विष उतरले ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. या विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या सूक्ष्म मार्गांवर परिणाम करते आणि त्यामुळे अॅड्रिनॅलिनसारखी उत्तेजक द्रव्ये रक्तात एकाएकी प्रचंड प्रमाणात उसळतात. रुग्णाला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि मुलग्यांमध्ये लिंगाला सतत ताठरता येते. पुढे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. वैद्यकात या अवस्थेला फुप्फुसशोफ म्हणतात आणि मृत्यू बहुधा याच अवस्थेत येतो. दंशाच्या जागी असह्य कळ आहे, पण घाम, उलटी किंवा गारठा यांपैकी काहीच नाही, असा रुग्ण बहुतेक वेळा वाचतो. उलट ज्याच्या अंगात विष भिनले आहे त्याला कळ फारशी जाणवत नाही असेही घडते आणि प्रकृती सुधारू लागल्यावर ती पुन्हा जाणवते. म्हणजे ज्या क्षणी घरचे लोक निश्चिंत होतात, नेमका तोच क्षण धावपळ करण्याचा असू शकतो.

मंत्राला यश येताना दिसते त्याचे कारणही यातच सापडते. बहुसंख्य दंश सौम्य असतात आणि त्यांची कळ कोणताही उपाय न करता काही तासांत ओसरते, त्यामुळे त्या वेळेत जे काही केले त्याला श्रेय मिळते. जे मूल दगावले त्याच्या घरी मात्र नशिबाला दोष दिला जातो. हे वर्षानुवर्षे चालावे याचा संताप येणे स्वाभाविक आहे, कारण याचे उत्तर दूरच्या एखाद्या देशात नव्हे, तर याच महाड तालुक्यात शोधले गेले आहे.

जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1970च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना पाहून त्यांनी प्रत्येकाच्या लक्षणांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या आणि त्यांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषामुळे आवळल्या गेलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी येथे उपयोगी पडते, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत, हे प्रमाण त्यानंतर 1 ते 4 टक्क्यांच्या आत आले. पुढे 2011 मध्ये ‘बीएमजे’मध्ये त्यांनी 70 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली, प्राझोसिनसोबत विंचूविषाची प्रतिलस दिलेल्या 35 जणांपैकी 32 जण 10 तासांत लक्षणमुक्त झाले, तर केवळ प्राझोसिन घेतलेल्या 35 जणांपैकी 8 जण. ज्या तालुक्यातून जगाला हा उपचार मिळाला, त्याच तालुक्यात दंश झालेल्या मुलाला आधी मांत्रिकाकडे न्यावे, याचे समर्थन कोणत्याही श्रद्धेच्या आधारे होऊ शकत नाही.

मोठा काळा विंचू अधिक विषारी, ही याच समजुतीची धाकटी बहीण. प्रत्यक्षात काळ्या विंचवाचा दंश सहसा सौम्य असतो आणि भीती बाळगायची ती बोटाएवढ्या लालसर विंचवाची, जो दगडांच्या फटीत, पेंढ्यात, सरपणाच्या मोळीखाली, कौलांमध्ये आणि रात्रभर बाहेर ठेवलेल्या बुटात दडून बसतो. अतिनील प्रकाशाच्या विजेरीत विंचवाचे अंग हिरवट चमकते, त्यामुळे नव्या घराच्या भिंती व पडवी रात्री अशा विजेरीने एकदा तपासून घेणे अवघड नाही.

साप चावला तर दुखतेच, हाही त्याच जातीचा भ्रम आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा कित्येकदा वेदना आणि सूज जवळजवळ नसते, आणि पहाटे पोटदुखी होऊन पापण्या मिटू लागेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. डासांसाठी रात्रीची मच्छरदाणी पुरते असे मानणाऱ्याने डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो हे ध्यानात घ्यावे. धो धो पावसाने विहिरीचे पाणी शुद्ध होत नाही, उलट आसपासची घाण वाहून तिच्यात उतरते, म्हणून पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर व जनावरांच्या मूत्रातून पसरणारा ताप, केवळ भातशेतीत राबणाऱ्यांनाच होतो असे नाही. जुलै 2021 मध्ये महाडमध्ये आला तसा पूर ओसरल्यावर अनवाणी चिखल उपसणाऱ्या कोणालाही तो होऊ शकतो. उकाड्याची सवय झाली की पाणी कमी लागते, हेही उलटेच आहे, कारण दहा ते चौदा दिवसांत शरीर सरावले की घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो.

पाचाडहून महाड सुमारे 25 किलोमीटर, तेही घाटवळणांचे. म्हणून दंशानंतर जखम कापणे, चोखणे किंवा अवयव आवळून बांधणे यांत वेळ न दवडता 108 क्रमांकाला फोन करावा, दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि मूल असल्यास लक्षणे दिसण्याची वाट न पाहता निघावे. प्राझोसिनचा डोस वजनावरून डॉक्टरच ठरवतात, आणि ती घेतल्यावर उभे राहताच रक्तदाब एकदम उतरू शकत असल्याने रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. त्याला कडेवर उभे धरून गाडीत बसवू नये.