पटावरचे दाणे आणि सहावा अवयव

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत गेले तर चौसष्ट घरांत मिळून दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एक दाणा चाळीस मिलिग्रॅमचा धरला, तर आज साऱ्या जगात वर्षाला पिकणारा गहू सुमारे नऊशे वर्षे साठवावा लागेल! गोष्ट इथे संपते. गणित मात्र इथून सुरू होते.

ही संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. शाळेतले सूत्र आठवा. एखाद्या वर्गातून १ वजा केला की दोन अवयव पडतात. पाचाचा वर्ग २५, त्यातून १ गेला की २४, म्हणजे ४ गुणिले ६. हेच सूत्र पुन्हा पुन्हा लावले की आपल्या अगडबंब संख्येचे सहा तुकडे होतात : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. स्वतः आणि १ सोडून त्यांना कशानेही पूर्ण भाग जात नाही. मग सहावी?

शिक्षकी पेशात नवा असताना मी वर्गात ठोकून दिले, ‘‘तीही मूळच!’’ मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘‘सर, भागून पाहिलंत?’’ मी पाहिले नव्हते.

माझ्या चुकीला मोठी सोबत होती. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितीलाही या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळच असाव्यात असे वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले, की सहावी संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७.

हे शोधायला फार भागाकारही लागत नाहीत. ऑयलरने पुढे सिद्ध केले, की या संख्येच्या मूळ विभाजकाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती येते!

दुसऱ्या दिवशी मी हे पाचही भागाकार फळ्यावर केले आणि वर्गासमोर चूक कबूल केली.

या साच्यातली सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कुणी सिद्ध केलेले नाही. पाच वेळा खरे ठरले म्हणून सहाव्यांदा ठरेलच, असे गणित मानत नाही. तिथे सिद्धता लागते, नाहीतर निदान भागून तरी पाहावे लागते.