कॉमेडी पॉडकास्ट हाच फुल-टाइम धंदा : धाराशिवात बसून जमेल का?

आजचा एपिसोड ज्यांना वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर', 'काय म्हणतात ते' काढून टाकलेत. बाकी सगळं तसंच ठेवलंय.

विषय तुम्हीच दिलेला. कळंब, उमरगा, परंडा, भूम, कुठूनही मेसेज आला तरी प्रश्न एकच असतो : 'दादा, आम्ही दोघं-तिघं मित्र लई हसवतो. पॉडकास्ट काढून त्यावरच घर चालंल का?' उत्तर आधीच सांगतो. चालू शकतं, पण पहिल्या वर्षी बहुतेक नाही. आणि ते चालेल की नाही हे विनोदाइतकंच गणितावर ठरतं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे गणितही मांडणार.

आधी 'स्वतंत्र' म्हणजे काय ते बघू

पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये आयपॉड आणि ब्रॉडकास्ट हे दोन शब्द जोडून तयार झाला. तांत्रिक भाग अगदी साधा आहे. तुमची ऑडिओ फाइल एका होस्टिंगवर असते आणि तिची माहिती देणारी एक यादी असते. त्या यादीला आरएसएस फीड म्हणतात (नाव ऐकून लगेच राजकारणात जाऊ नका). वेगवेगळी अ‍ॅप्स ती यादी वाचतात आणि नवा एपिसोड दाखवतात. फीड तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर असेल तर होस्टिंग बदललं तरी ऐकणारे तुमच्यासोबत येतात. २०२४ मध्ये गुगल पॉडकास्ट हे अ‍ॅप बंद झालं. पण ज्यांची फीड स्वतःची होती, त्यांचा शो बाकीच्या अ‍ॅप्सवर चालूच राहिला. म्हणून कोणी 'आमच्या चॅनलवर टाका, मोठं करतो' म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा : फीड आणि जुने एपिसोड कुणाचे?

हा धंदा आपल्याकडे नवा नाही

द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगावी जाऊन कथाकथन करायचे. स्टेजवर एक माणूस, एक माइक आणि एक गोष्ट. आपल्या मराठवाड्यात लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सुरू केलं. एकटा माणूस, ५२ पात्रं, आणि भाषा आपली मराठवाडी. डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळायचं. कॉमेडी पॉडकास्टला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

आता यातली दुसरी बाजू बघा. मिरासदार प्राध्यापक होते, माडगूळकर आकाशवाणीत होते, देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. म्हणजे हसवणं जोरात चालू असताना महिन्याचा पगारही चालू होता. तेव्हा घरचे म्हणाले की 'आधी नोकरी बघ, मग काय करायचं ते कर', तर ते तुमच्या कलेचे वैरी आहेत असं समजू नका. ही वाट आधीची आहे.

अलीकडचं उदाहरण भाडिपाचं. २०१६ मध्ये यूट्यूबवर सुरू झालेली ही मंडळी फक्त यूट्यूबच्या जाहिरातींवर बसून राहिली नाहीत. ब्रँडसाठी कंटेंट केला, मराठी स्टँडअपचे तिकीट लावून शो केले. अमेरिकेत मार्क मॅरन नावाच्या कॉमेडियनने २००९ मध्ये पॉडकास्ट सुरू केला आणि पुढे घराच्या गॅरेजमधून चालवला. २०१५ मध्ये खुद्द ओबामा त्या गॅरेजमध्ये येऊन बसले. पण मधली सहा वर्षं आठवड्याला दोन एपिसोड जात होते, हे विसरायचं नाही.

आवाज : स्टुडिओ नको, खोली नीट निवडा

आरसीसी स्लॅब आणि फरशीची खोली घुमते. गावात जुनं माळवदाचं घर असेल तर नशीबवान आहात, जाड मातीच्या भिंती आवाज पितात. नसेल तर गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, सगळं कामाला येतं. फॅन बंद. माइक घेताना डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइक चांगला असतो, पण तो शेजारच्या गिरणीपासून बोअरच्या मोटारीपर्यंत सगळं ऐकतो. डायनॅमिक तोंडाजवळ धरावा लागतो आणि लांबचा आवाज कमी घेतो.

दोघं असाल तर दोन माइक आणि दोन वेगळे ट्रॅक ठेवा. कॉमेडीत हे फार महत्त्वाचं, कारण एकाच्या पंचवर दुसऱ्याचं हसू चढतं आणि एकाच ट्रॅकवर असलं की ते काढता येत नाही. रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे जोरात हसलात तरी फाटणार नाही. एडिट झाल्यावर एकूण आवाज उणे १६ एलयूएफएसला आणा. बसमध्ये इअरफोन लावून ऐकणाऱ्याला सारखा व्हॉल्यूम कमी-जास्त करावा लागला की तो तुम्हाला बंद करतो. लाइट कधीही जाऊ शकते, त्यामुळे लॅपटॉप चार्ज करूनच बसा.

विनोद : भाषा लपवू नका, पण तिचीच टिंगलही नको

'काय करूलालास?' हे आपण रोज बोलतो. पुण्याच्या माणसाला त्याचं हसू येतं. पण नुसत्या हेलावर मिळालेलं हसू दोन एपिसोड टिकतं. त्यानंतर गोष्टच लागते : सोयाबीनचा भाव, लग्न जमेना म्हणून बायोडाट्यात वाढलेली एकरं, नवरात्रात तुळजापूरला चालत जाताना चौथ्या किलोमीटरला आठवलेले गुडघे. खिल्ली उडवायची तर आपली उडवा, नाहीतर आपल्यापेक्षा ताकदवान माणसाची. पावसाची वाट बघणाऱ्याची नको.

आणि 'आम्ही नुसते गप्पा मारतो' असं म्हणू नका. मित्रांच्या कट्ट्यावर हसू येतं कारण सगळ्यांना मागचं माहीत असतं. अनोळखी ऐकणाऱ्याला ते मागचं दोन वाक्यांत द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक भागासाठी सुरुवात, तीन किस्से आणि शेवट एवढं तरी कागदावर हवं.

आता पैसे

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एकाने सरासरी २० मिनिटं ऐकलं तर १२,००० वेळा ऐकलं जायला हवं. इथे पॉडकास्टचा फायदा आहे, कारण एपिसोड लांब असतो. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ मात्र या तासांत धरत नाहीत.

समजा धाराशिवात घर चालवायला महिन्याला २५,००० रुपये लागतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका.

जाहिरात : हजार व्ह्यूजमागे तुमच्या हाती ४० रुपये पडले असं धरलं, तर महिन्याला ६,२५,००० व्ह्यूज हवेत. आणि हा दर भाषा, विषय, हंगाम बघून बदलतो. त्याला पगार समजू नका.

मेंबरशिप : महिना ५९ रुपये ठेवले तर यूट्यूब ३० टक्के ठेवून ७० टक्के देतं, म्हणजे साधारण ४१ रुपये. २५,०००ला सुमारे ६१० मेंबर. शंभरातला एक पैसे देतो असं धरलं तर ६१,००० नेहमीचे ऐकणारे.

लाइव्ह शो : १५० रुपये तिकीट, १०० माणसं, म्हणजे १५,०००. त्यातून हॉल, साउंड, प्रवास गेला.

स्थानिक स्पॉन्सर : कोचिंग क्लास, ट्रॅक्टरचं शोरूम, पेढेवाले. महिन्याला ५,००० देणारे दोघं मिळाले तर १०,००० झाले.

म्हणजे एका खांबावर हा मांडव उभा राहत नाही. थोडं-थोडं चारी बाजूंनी आलं तरच जमतं. आणि तुम्ही तिघं असाल तर २५,०००ला तीनाने गुणा. वाटणी किती, कोण सोडून गेला तर नाव कुणाचं, हे पहिल्या कमाईच्या आधी कागदावर लिहा. दोस्ती टिकवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

कायद्याचं थोडं

पैसे घेऊन कुणाचं नाव घेतलं तर 'ही जाहिरात आहे' हे स्पष्ट सांगा. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेचे तसे नियम २०२१ पासून आहेत. सिनेमाचं गाणं पार्श्वसंगीताला परवानगीशिवाय वापरू नका. गावातल्याच संबळ-हलगीवाल्याला पैसे देऊन धून वाजवून घ्या आणि हक्काचं लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी (कलम ३५६) आणि धार्मिक भावना दुखावणं (कलम २९९) हे गुन्हे आहेत. म्हणून अपलोड करण्याआधी एकदा पूर्ण ऐका, शक्यतो दुसऱ्या दिवशी. रात्री साडेबाराला भारी वाटलेला विनोद सकाळी चहासोबत तपासावा.

मग नोकरी कधी सोडायची?

माझे तीन निकष. एक, सलग सहा महिने दर आठवड्याला ठरल्या वारी एपिसोड गेलाय. ४० मिनिटांच्या एपिसोडला लेखन, रेकॉर्डिंग, एडिटिंग, क्लिप्स धरून आठवड्याचे १८ ते २० तास जातात. नोकरीसोबत ते जमलं नाही तर नोकरीशिवाय जमेलच असं नाही, पण जमलं तर सवय तरी लागते. दोन, त्याच सहा महिन्यांत घरखर्चाच्या निम्मे पैसे शोमधून आलेत, आणि तेही किमान दोन वेगळ्या वाटांनी. तीन, वर्षभराचा खर्च बँकेत आहे, आणि घरात एखादं आजारपण निघालं तर काय, याचं उत्तर घरच्यांसोबत बसून ठरलंय.

तिन्ही 'हो' असतील तर सोडा, आणि घरच्यांना हिशोबाची वही दाखवून सोडा. एकही 'नाही' असेल तर शो चालू ठेवा, नोकरीही चालू ठेवा. ऐकणाऱ्याला तुमची सॅलरी स्लिप दिसत नाही. त्याला गुरुवारी एपिसोड आला की नाही, एवढंच कळतं.

पुढच्या भागात एडिटिंग, तेही फुकटच्या सॉफ्टवेअरवर. तुमच्या शोचं नाव ठरलं असेल तर कळवा. 'गप्पाटप्पा' सोडून काहीही चालेल.