श्वासरुग्णाची औषधे आणि दंतरक्षण

काही वर्षांपूर्वी तमकश्वासाचा एक ९ वर्षांचा बालरुग्ण आमच्या चिकित्सेत होता. वेग उणावले होते, पालक समाधानी होते. एके दिवशी त्याच्या दंतवैद्यांनी ५ दाढा किडल्याचे कळवून, कोणती औषधे चालू आहेत, अशी पृच्छा केली. उत्तर देताना आम्ही वरमलो. सितोपलादि चूर्ण मधासह दिवसातून चार-पाच वेळा आणि शेवटी झोपताना चाटवावे, असे आम्हीच सांगितले होते.

सितोपलादीच्या ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर. वर मधाचे अनुपान. वासावलेह, च्यवनप्राश, खोकल्याची सिरपे यांतही साखर विपुलच. श्वास-कासात औषध मुहुर्मुहुः द्यावे, हे शास्त्रसंमत आहे. परंतु दर वेळी दातांवर साखरेचा नवा लेप बसतो. रात्री लाळ कमी स्रवत असल्याने तो धुतलाही जात नाही.

त्यात रुग्ण बहुधा इनहेलरही घेत असतो. साल्ब्युटामॉलसारख्या औषधांनी लाळ घटते, टायोट्रोपियमने मुखशोष होतो, तर ब्युडेसोनाइडसारखी स्टेरॉइडे तोंडात साचल्यास जीभ-टाळूवर कँडिडा बुरशीचे पांढरे थर येतात. म्हणून इनहेलर थांबविण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. तो प्राणांशी खेळ ठरेल. फवाऱ्याच्या इनहेलरला स्पेसर जोडावा, औषध दात घासण्यापूर्वी घ्यावे आणि नंतर चूळ भरून थुंकावी. ती गिळू नये, हे मुद्दाम सांगावे लागते.

वाग्भटांनी दिनचर्याध्यायात श्वास-कासपीडितास दंतकाष्ठ वर्ज्य सांगितले आहे. हा निषेध काष्ठ चावण्याचा आहे, मुखशुद्धीचा नव्हे, असे आमचे मत आहे. मऊ ब्रश चालतो. धाप लागणाऱ्यास गंडूषापेक्षा कवल सोयीचा, कारण गच्च भरलेल्या तोंडाने त्याचा जीव घुसमटतो. आम्ही कोमट पाण्याचा किंवा त्रिफळा क्वाथाचा कवल देतो.

औषधविक्रेत्या बंधूंनी चाटणाची बाटली देताना ‘नंतर चूळ भरा’ एवढे म्हटले तरी पुष्कळ. खोकल्याच्या गोळ्या दिवसभर चघळणारे गिऱ्हाईक तर त्यांनाच आधी दिसते.

त्या बालकाची झोपतानाची मात्रा आम्ही रात्रीच्या जेवणापूर्वी आणली. तीन दाढा भरून निघाल्या. दोन मात्र काढाव्या लागल्या.