पाण्याला वेळ द्यावा लागतो

माण तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात, मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे, अळूचे एक दाट बेट होते. त्या अळूला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचे मला आठवत नाही. पिण्याच्या पाण्याचीच जिथे ओढाताण, तिथे झाडांना कोण घालणार? भांडी विसळलेले, तांदूळ धुतलेले पाणी वाहत जाई, अळू ते पिऊन घेई, आणि आठवड्यातून एकदा त्याचे फदफदे होऊन आमच्या ताटात येई. घाण म्हणून टाकलेले पाणी अन्न होऊन परत येते, हा पहिला धडा मी तिथे शिकलो. पुढे साठी उलटल्यावर तोच धडा पुन्हा गिरवावा लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

पुण्यात आल्यावर परस गेले आणि गच्ची आली. २०२२ साली, निवृत्तीनंतर, त्या गच्चीवर मी जो खटाटोप मांडला त्याला ‘अ‍ॅक्वापोनिक्स’ म्हणतात. साध्या मराठीत, माशांच्या पाण्यावरची भाजी. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने गच्चीवरची शेती मराठी घरांना कधीच ओळखीची केली आहे. इथे फरक एवढाच, की माती नाही.

रचना सोपी आहे. खाली तीनशे लिटरच्या टाकीत मासे, वर खडीने भरलेला वाफा. लहानसा पंप टाकीतले पाणी वाफ्यात चढवतो आणि ते खडीतून झिरपत पुन्हा टाकीत उतरते. मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो. हा अमोनिया माशांना विष. पण खडीवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे पालकाचे, पुदिन्याचे खाद्य. हे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. चीनमधले शेतकरी तर त्याच्या कितीतरी आधीपासून भाताच्या खाचरात मासे सोडत आले आहेत. आजच्या पद्धतीला पक्के रूप दिले ते व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८० नंतरच्या काळात.

हे सगळे मी वाचले होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून गच्चीवर टाकी ठेवण्याआधी अभियंत्याला विचारले. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून पाणी दोन दिवस उघडे ठेवले. खडीत जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, हेही वाचले होते. पण नात दिवाळीच्या सुटीत यायची होती. नुसत्या पाण्याची टाकी तिला काय दाखवायची? मी एकदम वीस गोल्डफिश आणून सोडले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. नवव्या दिवसापर्यंत तेरा मासे मेले होते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. परीक्षेसाठी थेंब टाकले तेव्हा पिवळी राहायला हवी होती ती नळी हिरवीगार झाली.

आई एक्याऐंशी वर्षांची आहे. ती काठी टेकत गच्चीवर आली आणि म्हणाली, “कशानं गेले?”

“त्यांच्याच घाणीनं.”

“मग त्यांना दुसरीकडं जायला जागा होती का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. नदीतला मासा वाईट पाण्यातून निघून जातो. शेतातले मूळ ओल शोधत खोल जाते. आमच्या परसातल्या अळूचे चुकले असते तरी खाली सगळी जमीन सावरायला होती. टाकीत मात्र जमीनही मी, नदीही मी आणि पाऊसही मीच. निसर्गाचे चक्र घरात आणले असे आपण कौतुकाने म्हणतो, पण त्या चक्रात निसर्गाचा उदारपणा येत नाही. तो आपल्याला पुरवावा लागतो, रोज, न विसरता.

उरलेल्या सात माशांसाठी रोज थोडे पाणी बदलले आणि त्यांचे खाणे जवळजवळ बंद केले. सहाव्या आठवड्यात नळी पिवळी झाली. मग पालक असा फुटला की शेजारी विचारू लागले. मध्येच कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे झाले. ती लोहाची उणीव होती. माशांच्या खाद्यातून झाडाला पुरेसे लोह मिळत नाही, ते वेगळे द्यावे लागते. मावा पडला तर औषध फवारायचे नाही, कारण ते माशांपर्यंत पोहोचते. पाने हाताने धुवायची.

फायद्याचे विचाराल, तर मंडईतली जुडी स्वस्त पडते. वीस वॉटचा पंप अखंड चालतो, म्हणजे महिन्याला सुमारे चौदा युनिट वीज. माशांचे खाद्य विकत आणावे लागते. वीज गेली तर हवेसाठी बॅटरीवरचा पंप जवळ हवा. खरी बचत पाण्याची. तेच पाणी फिरत राहते, उन्हाने आणि पानांनी उडेल तेवढेच भरायचे. पण मोरीचे पाणीही जपणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला ही बचत छोटी वाटत नाही.

यंदा पावसाच्या सुरुवातीला वाफ्याच्या कोपऱ्यात अळूचा एक कंद लावला. तो रुजला. परवा आईने पाने मोजली.

“चौघांचं फदफदं होईल,” ती म्हणाली. “पण अजून आठवडाभर थांब.”

मी थांबलो आहे.