लाल अक्षर : एका कादंबरीने आपल्याला काय विचारले?

गेल्या महिन्यात आम्ही रेडिओवर एका जुन्या अमेरिकन कादंबरीची गोष्ट चार भागांत सांगितली. तुमचे एवढे फोन आले की त्यावर आणखी एक भाग करावा लागला. ज्यांना तो ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी तेच बोलणे आज इथे देत आहोत.

कादंबरीचे नाव ‘द स्कार्लेट लेटर’, म्हणजे ‘लाल अक्षर’. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी ती लिहिली आणि 1850 साली बोस्टन शहरात ती छापली गेली. गोष्ट मात्र त्याच्याही दोनशे वर्षे आधीची, 1642 च्या सुमाराची आहे. तेव्हा इंग्लंडमधून आलेली कडक धर्मनिष्ठ माणसे तिथे वस्ती करून राहत होती. धर्माचा नियम तोच कायदा. कायद्यात व्यभिचाराला देहदंडसुद्धा होता.

थोडक्यात गोष्ट अशी. हेस्टर नावाच्या तरुण बाईला नवऱ्याने पुढे पाठवले आणि तो मागेच राहिला. वर्ष-दोन वर्षे त्याचा पत्ता नाही. समुद्रात बुडाला असावा, असे लोक म्हणू लागले. अशात तिला मूल झाले. पंचांनी जीव घेतला नाही, पण शिक्षा दिली. तीन महिन्यांची लेक कडेवर घेऊन भर बाजारात ओट्यावर तीन तास उभे राहायचे आणि जन्मभर छातीवर लाल कापडाचे ‘ए’ अक्षर लावायचे. ‘ए’ हे व्यभिचार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर. बाप कोण, हे तिला पुन्हापुन्हा विचारले. तिने सांगितले नाही. विचारणाऱ्यांत गावाचा लाडका तरुण धर्मगुरू होता, आणि बाप तोच होता.

हे सगळे मनचेच आहे का, असे एका ताईंनी विचारले. माणसे कल्पनेतली आहेत, पण अक्षराची शिक्षा खरी. मॅसॅच्युसेट्स प्रांतात 1694 साली तसा कायदाच झाला होता. आणि हॉथॉर्न यांच्या घराण्यात एक न्यायाधीश होऊन गेले. 1692 साली सेलम गावात चेटकीण ठरवून लोकांवर खटले चालले, 19 जणांना फाशी झाली आणि त्यांत बहुतेक बायका होत्या. ते न्यायाधीश त्या खटल्यांत होते. लेखकाला याची लाज वाटत होती. पूर्वजांच्या न्यायाचा हिशेब त्याने असा मांडला, असे म्हणता येईल.

आता वाचकांचे ऐका. पुस्तकाच्या पहिल्या अडीच हजार प्रती दहा दिवसांत संपल्या. पण सगळेच खूश नव्हते. काही धर्मोपदेशकांनी झोड उठवली. त्यांचा आक्षेप असा की पाप करणाऱ्या बाईबद्दल वाचकाला माया वाटते आणि तिला पुरता पश्चात्तापही होत नाही, हे कसले पुस्तक? लेखकाने शेवट आपल्या पत्नीला, सोफिया यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांना इतके वाईट वाटले की डोके दुखू लागले आणि त्या जाऊन झोपल्या. याच सोफियाबाईंची आणखी एक आठवण त्यांच्या घरच्यांनी सांगितली आहे. नवऱ्याची सरकारी नोकरी गेली, तेव्हा त्यांनी घरखर्चातून बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले आणि ‘आता निवांत लिहा’ म्हणाल्या. बचत गटातल्या बायकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता तुमच्या प्रतिक्रिया. सगळ्यांत जास्त फोन आले ते तुरुंगाच्या दारातल्या प्रसंगावर. हेस्टर बाहेर यायची वाट बघत बायका उभ्या असतात. एक म्हणते, कपाळावर डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणते, मारूनच टाकायला हवी. एक लेकुरवाळी तेवढी म्हणते की अक्षर झाकता येईल, पण मनातली कळ कशी जाईल? एका मावशींनी फोनवर सांगितले, “बाई, आमच्या पाणवठ्यावर मी त्या पहिल्या दोघींसारखीच बोलले होते एकीला. ती आता गाव सोडून गेली.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही.

दुसरा विषय शिवणकामाचा. हेस्टर सुईच्या जोरावर जगते. गव्हर्नरचे हातमोजे, बाळांची झबली, मयताची वस्त्रे, सगळे तिच्याकडून शिवून घेतात. फक्त नवरीच्या डोक्यावरचे वस्त्र तिला कधी शिवू देत नाहीत. हे ऐकून मशीनवर काम करणाऱ्या एका ताई म्हणाल्या, “माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात, पण हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. मी विधवा आहे.” देश वेगळा, काळ वेगळा, पण रीत किती ओळखीची!

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड : तिने त्याचे नाव का नाही सांगितले? काही जणी चिडल्या. “तो व्यासपीठावरून प्रवचन देतो आणि ही एकटी सोसते, याला प्रेम म्हणायचे?” काही जणी म्हणाल्या की प्रेम होते म्हणूनच सोसले. आम्हाला दोन्ही पटते. सात वर्षांनी तो त्याच ओट्यावर चढून कबूल होतो आणि तिथेच प्राण सोडतो. पण सात वर्षे तिने एकटीने काढली, हेही खरे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, हे पुष्कळ जणींनी विचारले. 1860 च्या दंड संहितेत कलम 497 होते. त्यात शिक्षा परपुरुषाला व्हायची आणि तक्रार नवऱ्यानेच करायची. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे बायको ही जणू नवऱ्याची मालमत्ता. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी हे कलम रद्द केले. घटस्फोट मागायला ते कारण आजही चालते, पण त्यासाठी तुरुंग नाही.

आणि जातपंचायत वाळीत टाकत असेल तर? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. असा बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रार पोलिसांकडे करता येते. वकील करायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 हा क्रमांक लावा.

शेवटी हेस्टरचे काय झाले? सेवा करता करता लोकांच्या मनात त्या अक्षराचा अर्थच बदलला. काही जण म्हणू लागले, ‘ए’ म्हणजे समर्थ बाई. लेकीला घेऊन ती परदेशी गेली, पण म्हातारपणी त्याच झोपडीत परत आली. मग गावातल्या दुःखी बायका तिच्याकडे येऊ लागल्या. आम्ही असे का दुःखी, उपाय काय, हे विचारायला. ती ऐकून घ्यायची, धीर द्यायची.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत ही गोष्ट एकमेकींना सांगा. आणि आपल्या गावात कोणाच्या छातीवर न दिसणारे अक्षर लावलेले आहे, ते आठवून बघा. पुढच्या बैठकीला तिला बोलावणे कोण धाडणार, तेवढे त्याच दिवशी ठरवा.